जर्मनवाल्यांची पेटी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. रायपूरच्या माझ्या भावालासुद्धा नाही — आणि जे केलं ते तर त्याच्याच नावानं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांना माझ्याबद्दल फारच चांगलं वाटतं. तीच तर सगळी अडचण आहे.

पण थांबा — आधी माझी टिमकी ऐकून घ्या. कबुली द्यायला बसलेल्या बाईनं स्वतःची टिमकी वाजवू नये, हे मला कळतं. पण ती ऐकल्याशिवाय पुढचं तुम्हाला समजायचं नाही. आणि खरं सांगू का? मला ती वाजवायला आवडते. साठी उलटली तरी आवडते.

मी प्रमिला. जबलपूरच्या घमापुरात लहानाची मोठी झाले. आईवडील भंडाऱ्याकडून आलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. नोकरी एका सरकारी कारखान्यात, तपासनीस म्हणून. म्हणजे तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, डोळ्यांजवळ धरायचा आणि त्यावर शिक्का मारायचा — पास, नाहीतर रद्द. आमच्या खात्यात त्या टेबलावर बसलेली पहिली बाई मी. सुरुवातीला मंडळी हसली. पुढं पुढं माझ्याकडे माल पाठवण्याआधी तीच मंडळी तो स्वतः एकदा तपासून घ्यायला लागली. नाकावर माशी बसू देत नव्हते मी.

तिथं आम्हाला एक शिस्त होती. पास केलेल्या मालात मागाहून दोष लक्षात आला, तर कुणी पकडायची वाट पाहायची नाही. आपण उठायचं, साहेबापुढं उभं राहायचं आणि म्हणायचं — माझी चूक, तो माल परत मागवा. शिस्त सगळ्यांना होती, पाळायचं कोण? मी पाळायचे. तेही मान खाली न घालता. चूक सांगतानाही माणसाला ताठ उभं राहता येतं, हे मी त्या टेबलावर शिकले, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

निवृत्त झाल्यावर हात रिकामे बसेनात. मग मी कमानिया गेटच्या आसपासच्या गल्ल्यांतून जुन्या वस्तू घ्यायला लागले. घड्याळं, पितळी दिवे, रेडिओ, वाद्यं. पुसायच्या, ठीकठाक करायच्या आणि मोबाइलवरून ऑनलाइन लिलावाला लावायच्या. हळूहळू ओळखीची माणसंही आपल्या घरातल्या वस्तू आणून द्यायला लागली — ताई, तुम्ही विकून द्या.

त्या लिलावाचा एक नियम आहे. तो नीट ऐका, पुढं लागणार आहे. पहिली बोली लागेपर्यंत वस्तूच्या वर्णनात तुम्ही हवं ते बदला. एकदा बोली लागली की वरचं वर्णन बंद, काना-मात्रासुद्धा हलत नाही. मग चूक सापडली तर फक्त खाली एक टीप जोडता येते, दुरुस्तीची. ती टीप बोली लावलेल्या प्रत्येकाला जाते, आणि ज्याला वाटेल तो आपली बोली मागे घेऊ शकतो.

विकणारे या टिपेला भितात. बोली चढत असताना आपल्याच मालाला कोण नावं ठेवील? मी ठेवायचे! एकदा एका भिंतीवरच्या घड्याळाला मी 'वेळ अचूक' असं लिहिलं, आणि बोली सुरू झाल्यावर लक्षात आलं की ते जरासं मागं पडतंय. टाकली टीप. दोघं पळाले. तिसऱ्यानं मात्र बोली वाढवली आणि लिहिलं, ज्या बाईला एवढंसं मागं पडलेलं खुपतं तिच्याकडून मी डोळे मिटून घेईन. तो संदेश मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. दूधवाल्या भैयालाही दाखवला. त्याला काय कळलं कोण जाणे, पण "वाह दीदी" म्हणाला.

आता कळलं ना, माझी टीप म्हणजे काय चीज होती? वर्णन करताना विकणारा थोडं वाढवून सांगणारच, हे गिऱ्हाईक धरून चालतं. पण स्वतःच्या तोट्याची टीप कोण खोटी लिहील?

हा प्रश्न जरा इथंच ठेवू या. मला आधी वडिलांबद्दल सांगायचंय. नाही — आधी सखाराम रामटेके. कारण माझ्या वडिलांच्या आधी नेहमी त्यांचंच नाव यायचं.

सखारामजी रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस मजूर, होते आणि गळा असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं. त्यांची भीमगीतांची पार्टी होती. जयंतीला, लग्नकार्यात, पार कुंडमकडच्या खेड्यापाड्यांपर्यंत त्यांना बोलावणी यायची. आणि त्यांची ती पेटी, हार्मोनियम! पेटीच्या आत ओळीनं पितळी जिभा बसवलेल्या असतात, हवा लागली की त्या थरथरतात आणि स्वर निघतो. त्यांना आमच्याकडे सूर म्हणतात. पालिताण्याला बनतात ते आपले देशी सूर, चांगलेच असतात. पण सखारामजींच्या पेटीत होते जर्मन सूर. निदान ते तसं सांगायचे. आपण कलकत्त्याहून ते सूर आणले, बायकोच्या लुगड्यात गुंडाळून, रात्रभर गाडीत मांडीवर धरून — खाली ठेवले तर रुळांच्या धक्क्यानं बिघडतील म्हणून. प्रत्येक कार्यक्रमाच्या सुरुवातीला ही गोष्ट व्हायचीच. लोक हसायचे. रेल्वेतला खलाशी, आणि म्हणे जर्मन सूर! त्यांना नावच पडलं, जर्मनवाले. निम्मे लोक कौतुकानं म्हणायचे, निम्मे टिंगलीनं.

सखारामजींना पेटी वाजवता येत नव्हती. ती वाजवायचे माझे वडील, दयाराम. गाणं सखारामजींचं, नाव सखारामजींचं, पेटी सखारामजींची. आणि बाजूला मान खाली घालून बसलेला जो माणूस कुणाला आठवत नाही, तो माझा बाप. आमच्या घरी पेटी नव्हती. वडील पाटावर खडूनं काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आखायचे आणि मला बोटं शिकवायचे. पाट वाजत नाही. ते तोंडानं स्वर म्हणायचे आणि मी लाकडावर बोटं फिरवायची. अशी मी पेटी शिकले, सांगा!

पुढं सखारामजींचा गळा बसला, पार्टी मोडली. शेवटच्या बैठकीत वडील म्हणाले, बुवा, पेटी तुमचीच आहे, थोडे दिवस माझ्याकडे असू द्या, पोरीला शिकवतो. मी तिथंच पाण्याचे पेले घेऊन उभी होते. सखारामजी सगळ्यांसमोर म्हणाले, "दयाराम, पेटी रामटेक्याची हाय. तुझी फक्त बोटं."

लोक हसले. वडीलही हसले. सखारामजींना मी त्या वाक्यासाठी माफ केलं नाही, ते सोडा — वडिलांना मी त्या हसण्यासाठी कितीतरी वर्षं माफ केलं नाही. पेटी रामटेक्यांच्या घरी कापडाखाली गेली. वडील गेले ते त्या पेटीला पुन्हा हात न लावताच.

आता तुम्ही म्हणाल, कळलं पुढचं. नाही कळलेलं. थांबा.

सखारामजीही गेले. बऱ्याच वर्षांनी, माझं लिलावाचं काम जोरात असताना, त्यांचा मुलगा मनोहरभाऊ ती पेटी रिक्षात घालून माझ्या दारात आला. तोही रेल्वेतून निवृत्त. साधा माणूस, बापाचा तोरा त्याच्यात नावाला नव्हता. आमच्या विहारामागं एक मोकळी जागा आहे, तिथं पोरांसाठी वाचनालयाची खोली बांधायची, बापाच्या नावानं, असं त्याच्या मनात होतं. पेटी विकून जे येईल ते त्यात घालायचं.

"पण ताई, पैशाचं तर ठीक हाय," तो म्हणाला. "दुनिया इतके साल हसून राहिली. बाबा फेकते, बाबा फेकते. तुम्ही एकदा उघडून पाहा अन् लिहून द्या ना, सूर जर्मन हायेत म्हणून. तुम्ही लिहिलं की बात खतम."

बघा, काय मागायला आला होता तो. बापाचा शब्द खरा आहे असा माझा शिक्का.

मी पेटी उघडली. सुरांच्या पितळेवर खूण ठोकलेली होती, परकी अक्षरं, अजून स्वच्छ वाचता येण्यासारखी. जर्मन! म्हातारा खरं बोलत होता. आयुष्यभर लोकांनी हसून घेतलं आणि तो खरं बोलत होता. मला सांगायला लाज वाटत नाही, मला त्या क्षणी त्याचा आनंद झाला. मग मी पेटी बंद करून समोर घेतली. वरच्या पांढऱ्या पट्ट्या मधोमध झिजून किंचित खोलगट झाल्या होत्या. कुणाच्या बोटांनी? मी माझी बोटं त्यात ठेवली आणि पाटावर शिकलेलं पहिलं गाणं वाजवलं. लाकडावरचं गाणं पहिल्यांदा आवाजात ऐकलं. तिथं मी रडले. पोटभर रडले.

मग वर्णन लिहायला बसले. नेहमीसारखं चोख. मूळ जर्मन सूर, भाता नवा, लाकूड सागवानी. आणि शेवटी एक ओळ — ही पेटी कित्येक वर्षं दयाराम यांनी वाजवली. बस, एवढीच. लिलावाला लावलं आणि मनोहरभाऊला मोबाइलवर पाठवलं.

तो संध्याकाळी आला. खूश होता. फक्त त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे काहून लिहिलं ताई? पेटी बाबाची हाय ना. वाजवणाऱ्याचं काय लिहायचं, लोक कन्फ्यूज होतील. चलो, हटवून टाका."

त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. तो ती बैठक विसरला असेल, किंवा तिथं नसेलही. पण मला ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकू आलं. तुझी फक्त बोटं. वस्तू त्याची, मी फक्त विकणारी. बोली लागायची होती, तोवर बदलता येत होतं. मी वडिलांचं नाव काढून टाकलं. स्वतःच्या बोटांनी. आणि हसले. हो — मीसुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी पहिली बोली लागली आणि वर्णन बंद झालं. मग बोली चढतच गेली. कलकत्त्याचा एकजण, पुण्याचा एक संग्राहक, दोघं हटेनात. मनोहरभाऊ घमापुरात घरोघरी मोबाइल घेऊन फिरत होता. बघा, प्रमिलाताईंनी लिहिलंय, जर्मन! चहाच्या टपरीवर, विहारात, पाहा, लिहिलंय! म्हातारे लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, खरंच का गं? मी म्हणायची, खरंच. आणि ते म्हणायचे, वा, जर्मनवाले ते जर्मनवालेच. एकाच्याही तोंडून, चुकून, माझ्या बापाचं नाव निघालं नाही.

मी काय करू शकत होते? टीप जोडता येत होती ना! 'वर्णनात एक नाव राहिलं' — एवढंच लिहायचं होतं. मनोहरभाऊ थोडा कुरकुरला असता, बस. किंवा त्याला घरी बोलावून सांगायचं, भाऊ, ही पेटी मला दे, माझ्या बापाची बोटं आहेत हिच्यावर. त्यानं दिली असती. मला आज वाटतं, त्यानं फुकट दिली असती. पण मागायचं? रामटेक्यांच्या दारात? वडिलांनी मागून पाहिलं होतं. मी दयारामची पोरगी. मी मागणार नव्हते.

आता येते मुद्द्यावर. येतेच.

पुण्याच्या संग्राहकानं विचारलं, आतल्या सुरांचा फोटो मिळेल का? वर्णनासोबत मी तो टाकला नव्हता. माझा शब्द पुरेसा आहे असा तोरा. दुपारची वेळ होती, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली आणखी एक पेटी होती, पालिताण्याच्या सुरांची. मी तिचं झाकण काढलं. तिच्या सुरांचा फोटो घेतला. स्वच्छ, जवळून, खूण वाचता येईल असा. आणि रामटेक्यांच्या पेटीखाली दुरुस्तीची टीप जोडली — पेटी पुन्हा उघडून तपासली. सूर जर्मन नसून देशी आहेत. फोटो सोबत. चूक माझी आहे. ज्यांना बोली मागे घ्यायची असेल त्यांनी घ्यावी.

वाचा पुन्हा. 'चूक माझी आहे.' किती ऐटीत लिहिलंय!

रागाच्या भरात केलं असं म्हणू? नाही म्हणवत. राग आलेली बाई दुसऱ्या पेटीचं झाकण नीट खोलून, उजेड बघून फोटो काढत नाही. मी तपासनीस. खोटंसुद्धा मी तपासून पास केलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी बोली मागे घेतल्या. कुणी एक शब्द वाकडा लिहिला नाही. उलट पुण्याच्या माणसानं लिहिलं, तुमच्यासारखी माणसं दुर्मीळ झाली आहेत. शेवटी साध्या पेटीच्या भावात ती गेली, रायपूरला, माझ्या भावाच्या नावानं. त्याला मी सांगितलं होतं, एक जुनी पेटी मला हवी आहे, मी विकणारी म्हणून मला बोली लावता येत नाही, तू लाव. त्यानं काही विचारलं नाही. बहिणीवर त्याचाही विश्वास.

टीप टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरभाऊ आला. मी तयारीत होते — तो भांडेल, उघडून दाखवा म्हणेल. काय दाखवणार होते मी? दोन्ही पेट्या आतल्या खोलीत शेजारी शेजारी होत्या. त्यानं एकदा जरी म्हटलं असतं, दाखवा, तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. तो खुर्चीत बसला. पाणी प्यायला.

"अच्छा," तो म्हणाला. "म्हणजे बाबा फेकतच होता."

मी तिथं बोलू शकत होते. तुम्हाला काय वाटतं, जीभ उचलायला कितीसं बळ लागतं? मी म्हटलं, "चहा घेणार का भाऊ?"

"नको. तुम्ही बरं केलं ताई. खोट्याच्या पैशावर खोली बांधली असती तर शील मोडलं असतं."

शील! दर रविवारी विहारात आम्ही सगळे मिळून पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. माझा आवाज मोठा आहे, वडिलांकडून सूर मिळालाय; मी पुढच्या रांगेत बसून म्हणते. त्या रविवारीही म्हटलं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी म्हटलं.

खोली झाली नाही. आलेल्या पैशात एक लोखंडी कपाट आलं, पुस्तकांचं. ते विहाराच्या कोपऱ्यात उभं आहे. मनोहरभाऊनं त्यावर बापाचं नाव घालू दिलं नाही.

आणि आता जे सांगते ते मला सगळ्यात जड जातंय. त्या पेटीच्या टिपेपेक्षाही जड. जयंतीच्या कार्यक्रमात मनोहरभाऊ उठून उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, आमच्या बाबांनी तुम्हा सगळ्यांना एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली, ती खरी नव्हती. मी त्यांच्या वतीनं माफी मागतो. प्रमिलाताईंनी खरं काढलं, स्वतःचं नुकसान करून काढलं. आपल्या समाजात अशा बाया पाहिजेत. आणि त्यानं मला पुढं बोलावलं आणि शाल दिली.

मी गेले. शाल घेतली. टाळ्या वाजत होत्या — आणि तुम्हाला मी खरं सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगते — त्या टाळ्यांत मला अभिमान वाटला. लाज नाही. लाज नंतर आली, घरी. तिथं त्या मांडवात मला वाटलं, पाहा बाबा, तुमच्या पोरीला रामटेक्यानं सगळ्यांसमोर शाल दिली. लोक हसत नाहीयेत. ज्या माणसाचा बाप मी खोटा पाडला, त्याच्याच हातून सत्कार घेताना मला असं वाटलं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात. इथं तर शेतानं वर कुंपणाला शाल पांघरली.

पेटी भावानं पुढच्या खेपेला आणून दिली. मिळाली मला. पण वाजवू कशी? घमापुरातली जुनी माणसं अजून आहेत. ते सूर त्यांनी ऐकलेले आहेत. खिडकी उघडी ठेवून एक गाणं वाजवलं तर कोपऱ्यावरचा म्हातारासुद्धा मान वर करील. मग मी दारं-खिडक्या लावून, पंखा जोरात सोडून, हलक्या हातानं वाजवते. कधी कधी तर भाता न भरताच नुसती बोटं फिरवते. पाटावर फिरवायची तशी.

माझ्या टिपांची कीर्ती मात्र वाढत गेली. अजूनही लोक लांबून लांबून वस्तू पाठवतात. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या टिपा खऱ्या आहेत, अक्षरन् अक्षर. त्याचाही मला अभिमान आहे. तो कसा टाकू? पण ज्या एका टिपेमुळे मी मोठी झाले ती तेवढी खोटी आहे.

गेल्या हिवाळ्यात मनोहरभाऊ गेला. मी भेटायला गेले. पुढच्या खोलीत सखारामजींचा मोठा फोटो आहे, पेटी समोर घेऊन काढलेला. वाजवता येत नसताना पट्ट्यांवर बोटं ठेवून रुबाबात बसलेत. फोटोच्या खाली चौकटीवर पेंटरकडून नाव लिहून घेतलेलं होतं, लहानपणापासून मी पाहत आलेलं — 'जर्मनवाले सखाराम रामटेके'. त्यातल्या पहिल्या शब्दावर पांढरा रंग मारला होता. मी पाहतेय हे मनोहरभाऊच्या मुलीच्या लक्षात आलं. तिला मराठी समजतं, बोलायला हिंदीच येते. ती म्हणाली, "मौसी, वो पापा ने खुद किया था। आप वाला नोट पढ़ के। बोले, घर में गलत बात लिखी नहीं रहनी चाहिए।"

मनोहरभाऊला रंगकामाची सवय नसावी. रंग ओघळून खाली आला होता, आणि रंगाच्या आडून ती अक्षरं अजून थोडी दिसत होती.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी आले. तिथंही सांगितलं नाही.

तो लिलाव कधीच संपला आहे. संपलेल्या लिलावाला टीप जोडता येत नाही. मी करून पाहिलं. जागाच येत नाही. म्हणून इथं लिहिते, मला जसं लिहायची सवय आहे तसंच.

दुरुस्ती. रामटेक्यांच्या पेटीचं पहिलं वर्णन बरोबर होतं. सूर जर्मन आहेत. खूण स्पष्ट आहे, मी स्वतः पाहिली होती. फोटो दुसऱ्या पेटीचा होता. सखारामजींनी ते सूर कलकत्त्याहून आणले होते, मांडीवर. ते खरं बोलत होते. ती पेटी दयारामनं वाजवली, आणि त्याच्या मुलीनं चोरली.